पिंताची जुळी

पिंता अजून व्यालेली नव्हती, आणि तरीही तिच्या कासेला एक कालवड पीत होती. नेल्सीने हे दृश्य तारेच्या कुंपणाशी उभी राहून पाहिले, आणि पहिले अर्धे मिनिट तिला त्यातला फक्त उत्तरार्ध दिसला. तांबडे अंग, पांढरे तोंड, ओले कान, हलणारे शेपूट, आणि शेपटाखाली गोऱ्ह्याचे काही नाही. छातीत जे धडधडले ते केवळ एका ग्रंथीचा स्राव आहे, असे तिने गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षे मुलांना सांगितले होते. ते खरे होते. त्याने धडधड कमी झाली नाही.

मग सवयीने ती नीट पाहू लागली. पिंताचे शेपूट कोरडे होते. मागे वार लोंबत नव्हती, गवतावर ती पडलेलीही नव्हती, आणि मांड्यांवर रक्ताचा एक ओघळ नव्हता. पोट कालच्याइतकेच मोठे होते. इतकेच नव्हे, तर ती बघत असतानाच उजव्या कुशीची कातडी आतून एकदा ढुसणी बसल्यासारखी हलली. पिंता मान वळवून त्या परक्या कालवडीला मन लावून चाटत होती. विण्याच्या घटकेला आलेल्या म्हाताऱ्या गाईंना हा नाद असतो: आपले बाहेर येण्याआधीच दुसरीचे ढापतात, आणि ज्यांचे ढापतात त्या बहुधा पहिलारू असतात, कारण त्यांना भांडता येत नाही.

त्या पहिलारूला शोधायला फार लांब जावे लागले नाही. ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात नणंदेची, सुल्माची, चौदा नंबरची गाय उभी होती. मागे वार लोंबत होती, आणि एकाच ओल्या जागेवर नाक लावून ती बारीक आवाजात हंबरत होती.

"काय गं नेल्सी, खांबासारखी उभी का?"

वाल्देमार घोड्यावरून आला होता. थोरला दीर. वजन इतके, की उतरण्यापेक्षा वर बसून राहणे दोघांनाही सोयीचे, असे तो स्वतःच घोड्याविषयी म्हणत असे. त्याने पिंताकडे पाहिले, कालवडीकडे पाहिले, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कालवड," तो म्हणाला. "आजच्या दिवशी. आरिएलनेच धाडली बघ वरून."

आरिएल वरून काही धाडत नाही, आपला नवरा तीन वर्षांपूर्वी स्वादुपिंडाच्या गाठीने वारला आणि त्याचे धाडणे तिथेच संपले, हे उत्तर नेल्सीच्या जिभेवर तयार असायचे. आज ते आले नाही. वाल्देमार टोपी हलवत सर्वांना सांगायला निघूनही गेला, आणि तिच्या ध्यानात आले की आपण एक शब्दही खोटा बोललो नाही आणि तरी खोटे बोलून झाले आहे.

आज वाटणी होती. सासऱ्यांच्या, म्हाताऱ्या एलादियोंच्या पश्चात तिन्ही शाखांच्या गाई एकाच रानात चरत आल्या होत्या. आज दुपारी त्या एकेक करून लाकडी कठड्यांच्या अरुंद बोळातून जाणार होत्या आणि कान पाहून वेगळ्या होणार होत्या. या घरात मूल बाप्तिस्म्याला गेले की त्याला एक कालवड मिळायची आणि तिच्या कानाला त्या मुलाची म्हणून वेगळी खाच पडायची. तिची पिलावळ ती त्या मुलाची. "कागद खोटं बोलतो, कान बोलत नाही," असे एलादियो म्हणत, आणि त्यांनी नियमही तसाच घालून दिला होता: ज्याच्या खुणेची विणारी गाय या रानात चरते त्याचे इथे छप्पर. आरिएलच्या खुणेचा कळप त्याच्या आजारपणात पांगला होता. उरली होती पिंता, आणि गेल्या शरदात सुल्माने तिचा ओठ वर करून हिरड्यांशी झिजलेले दात सगळ्यांना दाखवले होते. दात नसलेली गाय ट्रकमध्ये जाते, याबद्दल कुणाचे दुमत नव्हते. जाण्याआधी तिने कालवड दिली तर खूण चालू राहणार होती. नाही तर निलगिरीच्या झाडीशेजारचे ते दोन खोल्यांचे घर, ज्यात नेल्सी लग्न होऊन आली आणि ज्यात तिने आरिएलला शेवटचे पाणी पाजले, सुल्माच्या वाट्यात जाणार होते.

सुल्मा गोठणाच्या फाटकाशी उभी होती. हातात एकमेकांत फिरवायच्या येर्बाच्या कडू चहाचा तुंबा होता, आणि तो तिने कुणाकडेही पुढे केला नव्हता. आरिएलची ही बहीण, बापाच्या मागे रान चालवणारी तीच. तिची मुलगी यानिना शेजारी बसून बुटांवरचा चिखल काडीने काढत होती. यानिना याच हिवाळ्यात मोंतेविदेओहून पशुवैद्य होऊन आली होती, आणि त्याआधी गावच्या शाळेत चार वर्षे नेल्सीच्या वर्गात बसली होती.

"माझी चौदा व्याली आणि वासरू नाही," सुल्मा म्हणाली. "वार लोंबतेय, कास दगड झालीय, वासरू गायब. माणसं ओढ्यात उतरवलीत मढं शोधायला. पक्षी कुंपणावर टपलेत, पण पक्ष्यांनी खाल्लं तरी हाडं तर ठेवतील?"

"कोल्हा असेल," वाल्देमार म्हणाला.

"कोल्हा अख्खं वासरू खांद्यावर टाकून नेतो होय?" सुल्माने तुंब्यातून एक घोट ओढला. "ते काही नाही. पोर सांभाळता येत नाही ती गाय मी ठेवत नाही. शुक्रवारच्या ट्रकमध्ये चौदा जाईल."

"आई, पहिलारू आहे ती," यानिना म्हणाली. "किती निवडून वळू लावला होतास तिला."

"पहिल्यांदा हरवतं, दुसऱ्यांदा हरवतं. मी तिसऱ्यांदा बघायला बसत नाही." मग ती नेल्सीकडे वळली. "तुझी मात्र व्याली म्हणे."

"वाल्देमार सांगत होता."

"मी वाल्देमारला विचारत नाहीये."

"कालवड पिंताच्या कासेला आहे," नेल्सी म्हणाली.

वाक्यातला प्रत्येक शब्द पडताळता येण्यासारखा होता. परीक्षेत एखाद्या मुलाने असे उत्तर लिहिले असते तर तिने त्यावर लाल रेघ ओढली असती आणि समासात लिहिले असते: विचारले काय आहे?

"मग अभिनंदन," सुल्मा म्हणाली, आणि तुंबा अखेर पुढे केला. नेल्सीने तो घेतला. पाणी कोमट झाले होते.

सकाळ अशीच गेली. ओढ्यातून माणसे कमरेपर्यंत भिजून रिकाम्या हातांनी परत आली, आणि सुल्माने त्यांना पलीकडच्या काठावर पाठवले. वाल्देमारने शेकोटी पेटवून बरगड्या लोखंडी चौकटीवर चढवल्या आणि मिठाचे पाणी शिंपडता शिंपडता तो जो येईल त्याला कालवडीची बातमी देत राहिला. नेल्सी पाव कापत होती. या काळात तिने स्वतःशी जो युक्तिवाद केला तो व्यवस्थित होता. पिंता आज ना उद्या विणारच. कालवड झाली तर कुठलेच खोटे उरणार नाही: सुल्माची कालवड सुल्माला, हिची हिला, आणि सकाळची गोष्ट नुसती गंमत. शक्यता निम्मी. निम्म्या शक्यतेवर माणसे लग्ने करतात. चौदा नंबरची मधूनमधून हंबरे, आणि तेवढा वेळ पावावरची सुरी थांबे.

बरगड्या अर्ध्या भाजून झाल्या होत्या तेव्हा यानिना रानातून झपाझप चालत आली.

"पिंता आडवी झालीय," ती म्हणाली. "पाणमोट फुटली. कळा देतेय."

"कळा कसल्या?" वाल्देमारने विचारले. "सकाळी व्याली ना?"

"तेच म्हणते मी," यानिना म्हणाली.

सगळे गेले. पिंता कुशीवर पडली होती, आणि तिच्या डोक्याशी कालवड पोटभर पिऊन झोपली होती. दोन पुढचे खूर बाहेर आले होते, त्यांवर नाक टेकलेले होते. बाळंतपण सरळ होते, गाय मात्र थकलेली होती. यानिनाने बाह्या वर केल्या आणि वाल्देमारने दोरी धरली. कळ आली की ओढायचे, कळ गेली की सोडायचे, हे यानिना मामाला तीनदा सांगत होती आणि मामा तिन्ही वेळा उलटे करत होता. शेवटी जे गवतावर घसरले ते मोठे होते, जिवंत होते आणि नर होते.

नेल्सीने मान खाली घातली.

"जुळी," वाल्देमार धापा टाकत म्हणाला. "म्हातारीने जुळी दिली."

"सकाळी एक आणि दुपारी एक?" सुल्माने विचारले.

"वय झालंय तिचं. मीही जिना चढताना मधे बसतो."

 सुल्मा पिंताकडे पाहत होती, मग गोऱ्ह्याकडे, मग कालवडीकडे. नेल्सीला वाटले, आता ही बोलणार. ती बोलली, पण भलतेच.

"बरं. जुळी तर जुळी. पण मग कालवड वांझ."

"काय?" वाल्देमार म्हणाला.

"गोऱ्ह्याबरोबर पोटात वाढलेली कालवड विणत नाही. हे मी शाळेत शिकले नाही, बाबांकडून शिकले. त्यांनी अशी एक ठेवली नाही. चार महिन्यांची झाली की खाटकाकडे." ती नेल्सीकडे वळली. "खूण विणाऱ्या गाईवर चालते. बरोबर ना?"

बरोबर होते. नेल्सीने फळ्यावर ती आकृती कितीदा तरी काढली होती: एका गर्भाशयात दोन वासरे, दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या, आणि नराच्या रक्तातून आलेले संदेश मादीच्या अवयवांची वाढ मधेच थांबवणारे. खोट्यालाही त्याचे स्वतःचे शरीरशास्त्र असते. कालवड आपली म्हणायची तर ती वांझ मानावी लागत होती. ती विणारी ठरवायची तर ती चोरीची, हे सांगावे लागत होते.

"सुल्माचं चूक नाही," वाल्देमार म्हणाला. सकाळपासून तो नेल्सीच्या बाजूचा होता. आता दोरी गुंडाळत तो तिच्यापासून दोन पावले दूर सरकला. "मला वाईट वाटतं गं. पण वांझ ती वांझ."

"सगळ्या नसतात, दहातली एक चांगली निघते," यानिना म्हणाली. "आणि बघता येतं. गाडीत गुळगुळीत नळी आहे. तेल लावून आत घालायची. वांझ असेल तर लगेच अडते, चांगली असेल तर त्याच्या तिप्पट आत जाते. दुखत नाही."

"बघ मग," सुल्मा म्हणाली. "माझी हरकत नाही."

नेल्सीने कालवडीला मांडीशी धरले. यानिनाने नळीला तेल लावले, आणि ती हलक्या हाताने आत सरकवली. नळी जिथे अडायला हवी होती तिथे अडली नाही. ती पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि जवळजवळ सगळी आत गेल्यावर थांबली.

"चांगली आहे," यानिना म्हणाली.

वाल्देमारने दोरी खाली टाकली. "म्हणजे ही वांझ नाही? नेल्सी, ऐकलंस का? अशी दहातली एक निघते, आणि ती तुझ्याच दारात."

 नळी पुसता पुसता यानिनाने कालवडीची नाळ चिमटीत धरली. ती सुकून काळपट पडली होती. मग तिने गोऱ्ह्याची नाळ पाहिली, जिच्यातून अजून पाणी गळत होते. मग तिची नजर रानापलीकडे लव्हाळ्यातल्या चौदा नंबरकडे गेली, आणि तिथून परत येऊन नेल्सीच्या चेहऱ्यावर थांबली. ही नजर नेल्सीच्या ओळखीची होती. तिसऱ्या बाकावरची ही मुलगी उत्तर सापडले की हात वर करत नसे, नुसती बाईंकडे बघत असे. त्याच वर्गात नेल्सीने सांगितले होते की दुर्मीळ उत्तर आले, की आनंद मानण्याआधी प्रश्न तपासा.

"यानिना," सुल्मा म्हणाली. "हे नक्की? दहातली एक?"

"असते," यानिना म्हणाली. आवाज सपाट होता, नव्या पदवीचा होता. "पुस्तकात आहे. साधारण दहातली एक विणारी निघते."

"पुस्तकाचं नाही विचारत. ही जुळ्यातली आहे आणि चांगली आहे, असं तू डॉक्टर म्हणून सांगतेयस? या घरात तुझा हा पहिला शब्द आहे. यावर मी वाटणी करणार."

यानिनाने नळी पिशवीत ठेवली. "हो," ती म्हणाली, "मी सांगते की ही—"

"जुळी नाहीत," नेल्सी म्हणाली.

वाक्य आपल्या तोंडून गेले, याचे तिला फारसे आश्चर्य वाटले नाही. घर गेले हे तिला त्याच क्षणी कळले. पण यानिनाला तो "हो" सरावल्यासारखा म्हणताना शेवटपर्यंत ऐकून घेणे तिला जमले नव्हते.

"कालवड चौदाची आहे," ती पुढे म्हणाली. "रात्री किंवा पहाटे झाली. पिंताने ढापली. मी आले तेव्हा पिंता व्यालेली नव्हती. तिच्या पोटातलं वासरू हलताना मी डोळ्यांनी पाहिलं."

 शेकोटीकडून चरबी जळल्याचा वास येत होता.

"कधीपासून माहीत होतं?" सुल्माने विचारले.

"सकाळपासून."

"माझी माणसं थंडगार पाण्यात मढं शोधत होती."

"हो."

"आणि चौदा शुक्रवारी ट्रकमध्ये चढली असती. पोर हरवलं म्हणून. पोर तुझ्या गाईकडे असताना."

"हो."

"नुसतं हो काय म्हणतेस?"

"तू विचारतेयस ते सगळं खरं आहे. दुसरं काय म्हणू?"

"पण अगं," वाल्देमार कळवळून म्हणाला, "नळी गेली होती ना आत? तुला आता कुणी विचारलं होतं?"

"तू गप बस," सुल्मा म्हणाली. ती नेल्सीच्या अगदी जवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते रागाचे होते. "तू आमच्या सगळ्यांना हसायचीस. बाबा पौर्णिमा बघून गाई हलवायचे, त्याला हसायचीस. आई जनावराच्या दुखण्यावर मंत्र टाकायची, त्याला हसायचीस. म्हणायचीस, पुरावा दाखवा. आम्ही अडाणी असू, पण कुणाची कालवड आम्ही गिळली नाही."

नेल्सीने मांडीशी धरलेली कालवड सोडली.

सुल्माने कालवड उचलून छातीशी धरली आणि ती लव्हाळ्याकडे चालू लागली. पिंता अजून धड उभी राहिली नव्हती; ती गुडघ्यांवर आली, उठली, आणि स्वतःचे ओले पोर मागे टाकून कालवडीच्या मागे हंबरत धावली. चौदाने कालवडीला हुंगले. तिला तिथे पिंताच्या लाळेचा वास आला असावा, दुसरा कुठलाही नाही. तिने नाक मागे घेतले. कालवड कासेशी गेली तेव्हा तिने लाथ मारली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा शिंग लावले.

"आई, सोड," यानिना म्हणाली. "तिने हिला चाटलेलंच नाही. ती नाही घेणार."

"स्वतःचं आहे तिचं."

"ते आपल्याला माहीत आहे. तिला कोण सांगणार?"

मागे गवतात गोऱ्हा उभा राहायला धडपडत होता आणि पडत होता. पिंताचा सगळा चीक सकाळीच संपला होता. चौदाची कास मात्र फुटायला आली होती. यानिनाने आईला विचारले नाही. चौदाची वार एव्हाना पडली होती. ती उचलून तिने गोऱ्ह्याच्या पाठीवर, डोक्यावर, शेपटाखाली चोळली, आणि तो ओला, घाणेरडा जीव नेल्सीने आणि तिने मिळून चौदाच्या पुढ्यात नेऊन ठेवला. चौदा बराच वेळ हुंगत राहिली. मग तिने जीभ बाहेर काढली, आणि एकदा सुरू केल्यावर ती थांबली नाही. पलीकडे कालवड पुन्हा पिंताच्या कासेला लागली होती.

सुल्मा दोन्हींकडे आळीपाळीने पाहत उभी राहिली. मग तिने कमरेचा चाकू काढला आणि पायजम्याला पुसला.

"कान माझा," ती म्हणाली. "दूध तुझ्या गाईचं. दूध तोडेपर्यंत पिंता राहील. मार्चपर्यंत."

"आणि घर?" वाल्देमारने विचारले, कारण नेल्सी विचारणार नव्हती.

"गाय रानात आहे तोवर घर तिचं. बाबांचं बोलणं मी मोडणार नाही." सुल्माने चाकूची धार अंगठ्यावर पाहिली. "मार्चमध्ये पिंता ट्रकमध्ये, आणि घर माझं. गोऱ्हा तुझा आहे, पण गोऱ्ह्यावर खूण चालत नाही. धर तिचं डोकं."

नेल्सीने कालवडीचे डोके आपल्या बरगड्यांशी घट्ट धरले. सुल्माने डाव्या कानाला वरून खाच घेतली आणि शेंडा छाटला: तिची स्वतःची खूण, एका दमात. कालवड एकदा ओरडली. रक्त नेल्सीच्या बाहीवर सांडले, आणि सुल्मा चाकू गवताला पुसून जेवणाकडे निघून गेली. वाल्देमार जळलेल्या बरगड्यांची काळजी करत तिच्या मागोमाग गेला.

यानिना मागे राहिली. तिने पिशवीतून जखमेला लावायचे औषध काढले आणि ती कालवडीच्या कानाशी वाकली.

"मामी," वर न बघता ती म्हणाली, "मी तो शब्द म्हणायला घेतला नसता, तर तू बोलली असतीस?"

नेल्सीने बाही दुमडली. प्रश्न नेमका होता, आणि तिने तो मुलीला शिकवला होता.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "तो प्रयोग झालेला नाही."